शुक्रवारची पाहणी

आमच्या रांजणआळीला पिवळा रंग लागला ही बातमी केसरीनाथ पाटलाने आणली, आणि ती अशा चेहऱ्याने आणली की मला वाटलं, घरात कुणाला कावीळ झाली.

भिवंडी शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा पालिकेने लोकांना बघायला भिंतीवर लावला होता. राहायची वस्ती पिवळी, बाजारपेठ निळी, कारखाने जांभळे. टेमघरकडे जाणारा, नाल्यापलीकडचा रस्ता निळा झाला होता. आणि आमची आळी, जिथे एके काळी लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, आवाजात शेजाऱ्याला हाक ऐकू जायची नाही, खांद्यावर थाप मारावी लागायची, ती चक्क पिवळी. म्हणजे शांत, राहती वस्ती.

"निल्याचा भाव काय नि पिवल्याचा काय, तुला सांगाया पायजे का?" केसरीनाथ माझ्या ओट्यावर बसत म्हणाला. "भाऊ, आपुन झोपलेलो नि गल्ली लुटली."

"लुटली नाही, रंगवली. चहा घेणार?"

"चहा कसला सुचतो तुला!" तो म्हणाला, आणि जरा थांबून, "साखर कमी सांग."

मी जन्मभर सुताची दलाली केली. सुताला काउंट असतो. आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. धंदा सुटला तरी खोड सुटली नाही, माणूस समोर आला की मी मनातल्या मनात त्याचा काउंट लावतो. केसरीनाथ जाड सूत. तुटणार नाही, कुठेही वापरा, फक्त त्यातून तलम काही विणायला जाऊ नका. काल्हेरची भातखाचरं त्याने गोदामवाल्यांना दिली, तेव्हापासून जमिनीकडे बघताना त्याला जमीन दिसतच नाही. आळीच्या तोंडाशी त्याची लूमची मोठी शेड आहे. पुढारी म्हणून त्याला कुणी निवडलं नव्हतं, त्यामुळे त्याला काढायचीही सोय नव्हती.

नुसता भावच चुकला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या पिवळ्या रंगाखाली तय्यबाखालाची बिशी सापडली होती.

बिशी म्हणजे लूमकामगारांची खाणावळ. पैशांची भिशी ती वेगळी; तिच्यात माणसं रुसतात, हिच्यात जेवतात. खालाचं घर आळीच्या मधोमध आणि घरामागे शेड. नवरा गेला तेव्हा त्या शेडमध्ये चार लूम होते. तिने ते विकले, त्या जागी चुली मांडल्या, लांब सतरंज्या अंथरल्या आणि वाढायला लागली. बायकापोरं मुलखात ठेवून उत्तरेतून आलेली माणसं. दिवसपाळी सुटली की एक पंगत, रातपाळीला निघालेल्यांची दुसरी. तिचा एकुलता एक मुलगा राहिल याच डाळीवर वाढला, शिकला, आणि आता काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. सूत चांगलं, पण कांजी जास्त.

पालिकेच्या खिडकीवर खालाला स्पष्ट सांगितलं गेलं. पिवळ्या पट्ट्यात किराणा चालेल, शिंपी चालेल, पिठाची गिरणी चालेल. वेगळ्या शेडमधली एवढी खाणावळ चालणार नाही. आराखडा पक्का झाला की परवान्याची मुदत वाढणार नाही. हरकत घ्यायची तर आत्ताच घ्या.

"म्हंजे मी बंद करू?" खाला माझ्या दारात उभी राहून म्हणाली. ती कुणाकडे बसत नाही. सगळं आयुष्य वाढण्यात गेल्यावर बसायची सवय राहत नसावी. "भाऊ, मंग मी सकाली उठून काय करू?"

मी तिला म्हटलं, हरकत घेऊ, आणि चूक कुणाची ते बघू.

चूक बघायला लांब जावं लागलं नाही. आराखड्याआधी पाहणीला माणसं येणार होती. कधी येऊ, असा फोन त्यांनी केसरीनाथला केला. आता भिवंडीचा माणूस पाहुण्याला कामाच्या दिवशी बोलावत नाही. केसरीनाथ म्हणाला, शुक्रवारी या. शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी, सगळे घरी, पाहुणचार नीट होतो. मग काय विचारता! आळी झाडून पाणी मारलं. माझ्या बायकोने, विनिताने, शिरा केला. समोरच्या घरातून बिर्याणीचा टोप आला. लूम बंद, शटर खाली, बिशीला कुलूप. खाला भाचीच्या बाळंतपणाला खारबावला गेलेली. पाहणीला आलेली क्षितिजा नावाची अधिकारी, जेमतेम तिशीची मुलगी, शिरा खाता खाता म्हणाली, "इथे आवाजाचा काही त्रास?"

सरकारी माणसाने आवाजाबद्दल विचारल्यावर लूमवाल्याच्या तोंडून काय निघणार? बापाच्या वेळेपासूनची तालीम. केसरीनाथ छातीवर हात ठेवून म्हणाला, "आवाज? ताई, हितं चिमनी बी विचारून वरडते."

"आणि मागे ती कुलूप लावलेली शेड कसली?"

"ती? अडगल हाय. लग्नकार्याची भांडी."

तिने लिहून घेतलं. आम्ही तिला पान दिलं, रिक्षापर्यंत पोचवलं, आणि आळीची अब्रू राखली म्हणून रात्री उरलेली बिर्याणी संपवली.

तर हरकतीत आम्ही सगळा दोष शुक्रवारवर टाकला. पाहणी सुट्टीच्या दिवशी झाली, कामाच्या दिवशी येऊन बघा, कानठळ्या बसतील. झाडून सगळ्या घरांच्या सह्या झाल्या. कुणाला बिशीची काळजी होती, कुणाला भावाची. बहुतेकांना भावाची, आणि बोलताना ते बिशीचं नाव घेत होते.

पण एक कबूल केलं पाहिजे. ते काही आठवडे आळी जितकी खुशीत होती तितकी मी अलीकडे पाहिली नव्हती. हरकतीच्या जोडीला आळीची माहिती द्यायची म्हणून संध्याकाळी जो तो आठवायला बसला. पाळी सुटल्यावर माणसं बिशीकडे यायची ती पांढऱ्या केसांची, पांढऱ्या भुवयांची. कापसाची पिंज डोक्यावर बसलेली असायची. खालाच्या दारातल्या नळाखाली डोकं धरलं की तीच माणसं पुन्हा विशीतली व्हायची. पोरं ते बघायला मुद्दाम उभी राहायची. नवरी होऊन आली तेव्हा विनिताला लूमच्या आवाजाने झोप लागेना. वर्ष झालं आणि तिला शुक्रवारी झोप लागेनाशी झाली. केसरीनाथची आई बाहेर येऊन नुसत्या आवाजावरून सांगायची, तिसऱ्या लूमचा पट्टा सैल झालाय. पाळीचा भोंगा झाला की माझा बाप चहा टाकायला सांगायचा. त्याला घड्याळ कळत होतं, पण त्यावर विश्वास नव्हता.

"आता बी तसंच हाय," केसरीनाथ म्हणाला. "जरा कमी असल."

"जरा," आम्ही सगळे म्हणालो.

फेरपाहणी बुधवारी ठरली. केसरीनाथने घरोघर फिरून हुकूम सोडला, "अकरा वाजता सगल्यांनी लूम चालू करायचे. बाईची कानात बोटं गेली पायजेत."

अकराला क्षितिजा आली. या वेळी शिरा नव्हता. आळीतली पुरुषमाणसं शेडच्या दारांत उभी होती. केसरीनाथने बँडवाल्याला करावी तशी हाताने खूण केली.

आळीच्या पार टोकाला कुठेतरी एक लूम सुरू झाला. खटक खटक, खटक खटक. बस्स, तेवढाच. बाकी आळीत पानवाल्याच्या रेडिओवर कुणीतरी पावडरची जाहिरात करत होतं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. केसरीनाथच्या स्वतःच्या शेडमध्ये काल्हेरच्या पार्सलचे खोके भरलेले होते. त्याने लूम भंगारात दिले तेव्हा वजन करायला मीच गेलो होतो. पण त्याला वाटत होतं, समोरच्यांचे चालू आहेत. समोरच्यांनी आपले मालेगावला विकले होते. त्यांना वाटत होतं, केसरीशेठचे चालू आहेत. मला वाटत होतं, दोघांचे बंद असले तरी मधल्या शेडमध्ये आहेतच की. आपल्याकडून कमी झालेला आवाज शेजाऱ्याकडून येत असेल, असं धरून आळी इतकी वर्षं निवांत होती. लूम एकाच दिवशी बंद पडले असते तर कुणी दचकलं तरी असतं. ते एकेक करून गेले, आणि प्रत्येक वेळी कान त्या शांततेला थोडे थोडे रुळले.

"लाईट गेली असल," केसरीनाथ पुटपुटला.

"काका, पानवाल्याचा पंखा फिरतोय," क्षितिजा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

केसरीनाथ सहजासहजी हरणारा नाही. "मागं चला, ताई. आमची बिशी बघा. पन्नास-साठ मानूस जेवतं."

सगळ्या आळीचा भाव आता खालाच्या डाळीवर येऊन टेकला होता. आम्ही मागे गेलो.

शेडमध्ये रातपाळी करून आलेली दहा-बारा माणसं जेवत होती. एकाच सतरंजीवर, तीही अर्धी. बहुतेक म्हातारी. भिंतीवरच्या फळ्यांवर मात्र ताटंच ताटं, खालपासून छपरापर्यंत, सगळी पालथी.

"ही पालथी का ठेवलीत?" क्षितिजाने विचारलं.

उत्तर दिलं रामसुमेरने. खालाच्या नवऱ्याच्या लूमवर काम केलेला हा शेवटचा माणूस. आता वॉचमनची ड्युटी करतो. "मैडम, जो मुलुक गया, वो अपनी थाली औंधी करके जाता है. उसमें कोई और नहीं खाता. लौटेगा तो खुद सीधी करेगा."

"आणि जे परत आलेच नाहीत?"

रामसुमेरने घास तोंडात टाकला. खाला म्हणाली, "धूल बसते ना बाय. पुसून ठेवते." मग लगेच, "तू उभी का? बस. खाल्ल्याबिगर तुझा कागद चालनार न्हाय."

क्षितिजा बसली. डाळ, भात, कांदा, तळलेले बोंबील. तिने दोनदा डाळ घेतली. मी तिचा काउंट मनात थोडा वर नेला.

तेवढ्यात राहिल आला. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आला होता. दारात चप्पल काढून उभाच राहिला.

क्षितिजा केसरीनाथला म्हणाली, "काका, निळा पट्टा कशासाठी असतो, सांगा बरं."

"भाव वाढाया."

ती हसली. "बाजाराला ट्रक लागतात, माल उतरवायला जागा लागते, गाड्या उभ्या करायला जागा लागते. ही गर्दी रुंद रस्त्यावर एका ठिकाणी आणली तर दुकानांना गिऱ्हाईक मिळतं आणि आतल्या घरांना झोप मिळते. कोथिंबिरीसाठी कुणाला तिथवर जायला लागू नये म्हणून पिवळ्यातही रोजची दुकानं ठेवतात. एवढंच आहे. भाव मागाहून आपोआप येतो."

"मंग आमाला बी येऊ दे की आपोआप."

"येऊ शकतो." तिने ताट बाजूला सरकवलं. "इथे धंदा चालतो हे मी आज बघितलं. या खाणावळीच्या आधारावर मी आळी निळी करायची शिफारस करू शकते. दुसरा आधार मात्र मला दिसला नाही. आणि ऐका, हा रंग मागच्या दिवसांसाठी नसतो, पुढच्या वीस वर्षांसाठी असतो. रस्ता रुंद होईल, पुढच्या भिंती मागे जातील. अशा शेड पडून गाळे होतील. हे ठरवून मागा."

"तेच तर मी सांगतोय, अम्मी," राहिल पुढे आला. "बिल्डर गाळा देतोय. वरती फ्लॅट, लिफ्ट. गाळ्यात हॉटेल टाकू, एसी लावू. तू काउंटरला बस नुसती. किती वर्षं चुलीपुढे उभी राहणार?"

"हाटेलात कोन येल?"

"गोदामांचे ड्रायव्हर, ऑफिसवाले. काल्हेरला नुसती नोकरी आहे, जेवायला काही नाही."

"नि ही मानसं?"

राहिलने आवाज खाली घेतला. "अम्मी, ही किती दिवसांची आहेत?"

आवाज खाली घेतला तरी शेड तेवढीच होती. रामसुमेरला मराठी आमच्याइतकं कळतं. तो भात कालवत राहिला, फक्त जरा सावकाश.

हिशोब मांडला तर राहिलचं खोटं नव्हतं. मी अजून दलालीत असतो तर हा सौदा त्याच दुपारी पक्का केला असता. सगळी आळी खालाकडे बघत होती. तिने हो म्हटलं की केसरीनाथची शेड सोन्याची, आमची घरं चांदीची, तिच्या मुलाची लिफ्ट.

खालाने हातातलं पातेलं खाली ठेवलं, आणि मी तिला पहिल्यांदा कुणासमोर बसलेलं पाहिलं. ती क्षितिजाच्या शेजारी सतरंजीवर टेकली. "पिवल्यात काय चालतं म्हनालीस?"

"राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, घरच्याच माणसाने चालवलेला लहान धंदा. शेड नाही. माणसं मोजकी."

"मोजकी म्हंजे ही एवढी?"

क्षितिजाने जेवणाऱ्यांवर नजर फिरवली. "एवढी चालतील."

"मंग माझं नाव त्या हरकतीतून काढ. र्‍हाऊ दे पिवला."

"भाभी!" केसरीनाथ जवळजवळ ओरडलाच. "अवो, सगल्या गल्लीचा भाव तुमच्यावर अडकलाय!"

"केसरीभाऊ, तुमी लूम भंगारात दिलेत तवा मला विचारलं व्हतं?"

"तो मेलेला धंदा व्हता, भाभी."

"मंग मी बी माझ्या जित्या धंद्याचं माझं बघते." ती थांबली, आणि मग इतक्या वर्षांच्या शेजाराला शोभेल असं म्हणाली, "जेवून जा. बोंबील हायेत."

केसरीनाथ जेवला नाही. अर्थात जाताना बोंबील घरी नेले. राहिल मात्र तडक बाहेर गेला, चपला हातातच घेऊन.

आधारच गेला, तेव्हा आळी पिवळीच राहिली. केसरीनाथ खालाशी महिनाभर बोलला नाही. मग ईदला शिरखुर्मा आला आणि राग धरण्याइतकं कारण उरलं नाही. राहिलचा राग वेगळा होता. तो ड्युटीवर जायचा, यायचा, आईला हो-नाही एवढंच म्हणायचा. बाहेरच जेवून यायचा. खाला माझ्या दारात येऊन म्हणायची, "भाऊ, पोरगा पोटानं रुसला." त्याला आईला बसवायचं होतं, आणि आईला बसायचं नव्हतं; दोघांच्याही बाजूला जमाच होती.

आराखडा पक्का झाल्यावर शेडला कुलूप लागलं. ताटं घरात आणली, पुढच्या खोलीत मांडणी केली. ही खालाच्या घरातली बैठकीची खोली. नवऱ्याचा फोटो, काचेच्या कपाटातला डिनर सेट, राहिलने घेतलेला मोठा टीव्ही आणि मरून रंगाचा सोफा. बिशीच्या माणसांनी ही खोली कधी बघितली नव्हती. इतकी वर्षं ती बोळातून मागच्या मागे यायची आणि जायची.

पहिल्या संध्याकाळी मी माझ्या ओट्यावरून तिच्या उघड्या दारातून बघत होतो. सगळे दाराबाहेर येऊन थांबले. चपला ओळीने काढून ठेवल्या, पाय धुतले, पुन्हा धुतले. आत कुणी जाईना. रामसुमेर उंबऱ्याशी उभा राहून आत डोकावला. "भाभी, परदा गंदा हो जाएगा."

"परदा धुता येतो. डाल थंडी व्हते. चल भीतर."

एकेक करून ते आत गेले आणि भिंतीला चिकटून बसले. सोफ्यावर कुणी नाही. गिऱ्हाईक असताना जे पोळ्या मागून मागून घ्यायचे, तेच आता लाजून पोळी नको म्हणत होते. खाला एकेकाच्या ताटात थाप मारल्यासारखी वाढत होती.

नेमका त्याच दिवशी राहिल लवकर आला. दारात चपलांची रांग बघून थांबला. आपल्याच घराच्या दारात माणूस पाहुण्यासारखा थांबला की त्याच्या चेहऱ्यावर काय येतं, ते मला ओट्यावरून दिसलं. आत जावं तर जागा नाही, परत फिरावं तर आईने पाहिलेलं.

रामसुमेर सरकला. त्याच्या शेजारचा सरकला, मग त्याच्या पलीकडचा. भिंतीशी एका माणसापुरती जागा झाली. "बैठो, बाबू," तो म्हणाला. लहानपणी राहिलला त्यानेच मांडीवर बसवून भरवलेलं होतं.

खालाने मुलाकडे न बघता ताट मांडलं. "हात धू."

राहिलने ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात टाकलं, बाहेरच्या नळावर हात धुतले आणि इस्त्रीच्या पँटने खाली मांडी घातली. डाळीचे भुरके माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येत होते. दोन घास झाल्यावर त्याने इकडे तिकडे बघितलं.

"रिमोट कुठाय?"

रामसुमेरने दचकून स्वतःच्या मांडीखालून रिमोट काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "हमने कुछ नहीं दबाया, बाबू."

"दबाया असतं तर मॅच तरी लागली असती," राहिल म्हणाला, आणि डाळीसाठी वाटी पुढे केली.